खांद्यावरचें ओझें : हलक्या कॅमेऱ्याची कथा



छायाचित्रणाची आवड असलेल्या मध्यम स्थितीच्या घरांत एक प्रश्न केव्हांना केव्हां उभा राहतो. खर्चावयाची रक्कम ठरलेली असते. प्रवासांत, डोंगरावर, लग्नकार्यांत किंवा नुसत्या सायंकाळच्या फेरीला बरोबर नेतां येईल असा कॅमेरा हवा असतो. दुकानदार एक मोठें यंत्र पुढें ठेवतो, एक लहान ठेवतो, आणि खरी गुणवत्ता मोठ्यांतच आहे असें सुचवतो. घेणारा विचारांत पडतो. हलकें घेतलें तर चित्र उणें पडेल काय? आणि जड घेतलें तर तें घराबाहेर निघेल काय? हा प्रश्न आजचा नाहीं. दीड शतकाहून अधिक काळ निरनिराळ्या देशांतील माणसांनीं आपल्या खांद्यांच्या आणि खिशांच्या मानानें त्याचीं उत्तरें शोधलीं आहेत. त्यांतील कांहीं उत्तरें आज आपणांपुढें मांडावयाचीं आहेत.

प्रथम हें ओझें कोठून आलें तें पाहूं. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली. कांचेवर लेप द्यावयाचा, तो ओला असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधारांत तें धुवावयाचें, अशी ही रीत. म्हणजे छायाचित्रकार जाईल तेथें त्याची अंधारी खोलीहि गेली पाहिजे! १८५५ सालीं रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, तेव्हां मद्याच्या एका व्यापाऱ्याची जुनी गाडी त्यानें अंधारी खोली म्हणून सजवून नेली होती. ५ कॅमेरे, ७०० कांचा आणि ३६ पेट्या असा त्याचा सरंजाम होता. सॅम्युएल बोर्न १८६३ सालीं हिमालयांत शिरला, तो सुमारें ३० हमाल बरोबर घेऊन. आपल्या मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, त्या काळचा हा थाट आहे. असला छंद कोणाला परवडत असेल, हें सांगावयास नको.

परंतु अंधारी खोली हें ओझ्याचें एकच कारण होतें. दुसरें त्याहून खोल होतें. त्या काळीं कांचेवरील उलटें चित्र कागदाला भिडवून उन्हांत ठेवीत आणि छाप काढीत. त्यामुळें छाप कांचेएवढाच निघे. मोठें चित्र हवें तर कांच मोठी. कांच मोठी म्हणून भिंग मोठें. भिंग मोठें म्हणून पेटी मोठी, आणि ती पेलावयास तिपाईहि भक्कम. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या सुक्या कांचेची कल्पना पुढें आणली. त्या वाटेनें अंधारी खोली घरीं राहूं लागली. पण कांचेचा आकार कमी होईना.

यानंतर अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें निराळी वाट काढली. १८८८ सालीं त्यानें आपला ‘कोडॅक’ विकावयास काढला. किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांची गुंडाळी. ती संपली कीं सबंध पेटी कारखान्याला पाठवावयाची. १० डॉलर घेऊन ते चित्रें छापून देत आणि नवी गुंडाळी भरून पेटी परत करीत. १९०० सालीं आलेली ‘ब्राउनी’ तर एका डॉलरला मिळे. येथें वजन आणि खर्च दोन्ही एकदम उतरले. मात्र ब्राउनीचें भिंग म्हणजे एकच साधी कांच, आणि चित्रांतील अंतर किंवा प्रकाश कमीजास्त करण्याची सोय जवळजवळ नाहीं. घरगुती आठवणींना तें पुरे झालें. परंतु ज्याला चित्राची पारख होती त्याच्यापुढें आतां दोनच वाटा उरल्या. एक गुणी पण जड यंत्राची, दुसरी हलक्या पण मुक्या यंत्राची.

या पेचांतून वाट काढली ती ऑस्कर बार्नाक या जर्मन यंत्रज्ञानें. १८७९ सालीं जन्मलेला हा मनुष्य १९११ सालीं वेट्झलार येथील लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्यांत आला. त्याला रानावनांत हिंडून चित्रें घेण्याचा नाद होता, आणि त्याचबरोबर दम्याची व्यथाहि होती. १३ × १८ सेंटिमीटर कांचेचा कॅमेरा घेऊन टेकड्या चढणें त्याच्या छातीला झेपेना. तेव्हां त्यानें उलट विचार केला : चित्र घ्यावयाचें लहान, आणि मागाहून तें मोठें करावयाचें. चलच्चित्राची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यानें आडवी चालविली, चलच्चित्राच्या दोन चौकटींची जागा एका चित्राला दिली, आणि २४ × ३६ मिलिमीटरचें चित्र सिद्ध झालें. पहिला नमुना त्यानें १९१३-१४ च्या सुमारास तयार केला.

या बदलाचा हिशेब थोडा तपासून पाहूं. जुन्या कांचेचें क्षेत्रफळ २३४ चौरस सेंटिमीटर. नव्या चित्राचें साडेआठांहून किंचित् अधिक. म्हणजे सुमारें सत्ताविसावा हिस्सा! तितकाच देखावा टिपण्यास कांचेच्या कॅमेऱ्याला २० सेंटिमीटरांहून अधिक केंद्रांतराचें भिंग लागे. येथें ५ सेंटिमीटरचें पुरलें. भिंगाची लांबी आणि व्यास चौथाई झाले, कीं त्याचें घनफळ, आणि म्हणून वजन, चौसष्टाव्या हिश्शाच्या आसपास येतें. कॅमेऱ्याच्या हलकेपणाचें मूळ येथें आहे. पेटीला कोणता धातु वापरला ही गोष्ट दुय्यम. चित्राचें क्षेत्र केवढें, ही मुख्य.

पण निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. लहान चित्र मोठें करतांना त्यांतील प्रत्येक दोषहि मोठा होतो. म्हणून भिंग फार उत्तम हवें. तें माक्स बेरेक यानें आंखून दिलें. ५ सेंटिमीटरचें ‘एल्मार’ तें हेंच. शिवाय चित्र मोठें करण्याचें यंत्र निराळें घ्यावें लागे, त्याचा खर्च आला. वजनाची बचत झाली, ती भिंगाच्या कारागिरीनें भरून द्यावी लागली. जर्मनी चलनाच्या भयंकर घसरणींतून नुकता बाहेर पडत होता. अशा वेळीं, १९२४ सालीं, एर्न्स्ट लाइट्झ यानें हें धाडस करण्याचें ठरविलें. १९२५ च्या लाइप्झिग येथील वसंत-जत्रेंत ‘लायका’ लोकांपुढें आला. कित्येक धंदेवाईकांना तें खेळणें वाटलें.

१९३० सालीं लायकाचीं भिंगें बदलतां येऊं लागलीं, आणि येथें एक नवा मोह जन्मास आला. जवळचें, दूरचें, रुंद देखाव्याचें अशीं तीन-चार भिंगें पिशवींत पडलीं, कीं कॅमेऱ्यांतून काढलेलें ओझें पिशवींत परत येतें. आन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच कलावंतानें आपलें बहुतेक काम ५ सेंटिमीटरच्या एकाच भिंगावर केलें. १९४८ च्या ३० जानेवारीला, गांधीजींच्या हत्येपूर्वीं कांहीं तास, त्यांची भेट घेणारा हाच. तथापि जड यंत्र सदा चुकीचेंच, असा निष्कर्ष काढूं नये. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाय व्यारावाला या आपल्याकडील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांनीं अवजड ‘स्पीड ग्राफिक’ घेऊन दिल्लींतील मोठमोठे प्रसंग टिपले. काम जेथें ठरलेलें असतें, तेथें मोठें चित्रक्षेत्र आपलें मोल देतें.

आतां मर्यादित पैशांचा प्रश्न ज्यानें सर्वांत प्रामाणिकपणें सोडविला त्याच्याकडे वळूं. जपानांतील ओलिंपस कारखान्यांत योशिहिसा माइतानी हा तरुण यंत्रज्ञ होता. त्या कारखान्याचे कॅमेरे तेव्हां वीस हजार येनांच्या घरांत जात. हा म्हणाला, सहा हजारांत विकतां येईल असा करूं. त्यानें पहिला खर्च भिंगावर केला, आणि तो इतका झाला कीं बाकीच्या यंत्राला फारसें कांहीं उरेना. मग त्यानें बाकीचें यंत्र साधें केलें. फिल्म सरकविण्यासाठीं पाठीमागें अंगठ्यानें फिरवावयाचें एक चाक पुरेसें मानलें. चित्र लायकाच्या निम्मे, १८ × २४ मिलिमीटर. त्यामुळें ३६ चित्रांच्या फिल्मवर ७२ निघत. १९५९ सालचा हा ‘पेन’. पुढें १९७२ सालीं त्यानेंच आरशाचा एक कॅमेरा बनविला, तो १९७३ पासून ‘ओएम-१’ या नांवानें प्रसिद्ध आहे. आकार, वजन आणि आरशाचा धक्का हे तीन दोष त्यानें आधीं मांडले आणि मग पेटीबरोबर भिंगेंहि लहान केलीं. पेटी सुमारें अर्धा किलो भरली.

फिल्म जाऊन विद्युत्-संवेदक आले, तरी हा नियम बदलला नाहीं. २००८ सालीं ओलिंपस आणि पॅनासॉनिक यांनीं आरसा काढून टाकलेली ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही पद्धत जाहीर केली. तिचा संवेदक १७.३ × १३ मिलिमीटर, म्हणजे लायकाच्या चित्राच्या सुमारें पाव. भिंगेंहि त्या मानानें लहान झालीं. २०१३ सालीं सोनीनें २४ × ३६ मिलिमीटर संवेदकाचा ‘अल्फा ७’ काढला. त्याची पेटी अर्ध्या किलोहूनहि हलकी होती. मात्र संवेदक मोठाच राहिल्यामुळें तितक्याच तेजाचीं भिंगें फार लहान होईनात. पेटी पाहून भुलणाऱ्यानें येथें सावध व्हावें. उलट पक्षीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं लहान क्षेत्रावर एकंदर प्रकाश कमी पडतो; म्हणून दिवेलागणीनंतरच्या चित्रांत मोठा संवेदक सरस ठरतो.

या इतिहासावरून घेणाऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आपण चित्र जास्तींत जास्त केवढें छापणार आणि कोणत्या उजेडांत घेणार, तें आधीं ठरवावें. चित्रक्षेत्राची निवड त्यावरून करावी. दुसरें, तराजूंत पेटी एकटी घालूं नये. जीं भिंगें खरोखर बरोबर नेणार त्यांच्यासह सारें वजन पाहावें. तिसरें, पैसे अपुरे पडले तर काटकसर पेटींत करावी. वर्षां-दोन वर्षांपूर्वींची, एकदां वापरलेलीहि पेटी चालते. तिच्यावर एकच उत्तम भिंग असावें. माइतानीनें हेंच केलें, आणि बार्नाकच्या यंत्राचा भारहि बेरेकच्या भिंगावरच होता.

बार्नाक १९३६ सालीं वारला. निरोगी मनुष्याला कदाचित् सुचली नसती अशी गोष्ट त्याच्या दम्यानें त्याला सुचविली : जें यंत्र वजनामुळें घरीं राहतें, त्याच्या गुणांचा चित्राला कांहींच उपयोग होत नाहीं. आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांचे चेहरे, मुलांचे खेळ, पाडले जाणारे जुने वाडे, हीं चित्रें वेळ सांगून येत नाहींत. त्या क्षणीं हाताशीं असेल तो कॅमेरा आपला.