मलमलीच्या पट्टीपासून प्लॅटिनमच्या तारेपर्यंत

कापसासाठी टाकलेल्या अरुंद रुळांवरून ‘शकुंतला’ रेल्वे विदर्भातल्या दारव्ह्याहून मूर्तिजापूरकडे धावत होती, त्या काळात एडिंबरोचे सर्जन जॉन गिलिंगहॅम मेंदूतल्या धमनीला मलमल गुंडाळत होते. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा यावा तसा धमनीच्या कमजोर भिंतीला फुगा येतो, तोच ॲन्युरिझम. तो फुटला की क्षणात असह्य डोकेदुखी, उलट्या, बेशुद्धी. फुटू नये म्हणून बाहेरून कापड.

एडिंबरोतच नॉर्मन डॉट यांनी 1931 मध्ये रुग्णाच्या मांडीतला स्नायू काढून फुग्याभोवती लपेटला होता. 1937 मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली आणि पुढची कित्येक दशके क्लिप हाच मुख्य इलाज राहिला. मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी न्यूरोसर्जरीचा पाया घातला तो 1950 च्या दशकात. तेव्हा कवटी उघडण्याला पर्याय नव्हता.

धमन्या आतून दिसण्याची वाट मात्र 1927 मध्येच खुली झाली होती. लिस्बनच्या एगाश मोनिश यांनी धमनीत एक्स-रेत दिसणारे औषध सोडून एक्स-रे काढला. धमनीतून चित्र मिळते, तर इलाजही तिथूनच का नको? मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी 1970 च्या दशकात कॅथेटर नावाच्या नळीच्या टोकावरून सुटणारे बारीक बलून धमनीत नेऊन दाखवले. पण बलून वेड्यावाकड्या, नाजूक फुग्यात नीट बसेना.

तोड काढली इटलीच्या ग्विदो गुलिएल्मी यांनी. प्लॅटिनमची मऊ, वेटोळी तार पोलादी तारेला जोडून मांडीच्या धमनीतून थेट फुग्यात न्यायची, नीट बसली की सौम्य वीजप्रवाह सोडायचा. जोड विरघळतो आणि ही वेटोळी तार, म्हणजे कॉइल, आत राहते. 1990 मध्ये लॉस एंजेलिसला पहिल्या रुग्णावर हा इलाज झाला. 2002 मध्ये क्लिप आणि कॉइल यांची तुलना करणाऱ्या ‘आयसॅट’ चाचणीचे निष्कर्ष आले. फुगा फुटलेल्या 2,143 रुग्णांच्या या चाचणीत वर्षभराने मृत किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण क्लिपवाल्यांत 30.6 टक्के, तर कॉइलवाल्यांत 23.7 टक्के होते.

रुंद तोंडाच्या फुग्यातून कॉइल घसरून बाहेर येई. तिला अडवायला जाळीदार स्टेंट आला. पुढे 2011 मध्ये अमेरिकेने मान्यता दिलेल्या ‘पाइपलाइन’ स्टेंटची जाळी इतकी दाट, की रक्ताचा ओघच फुग्यावरून वळतो.

दारव्ह्याच्या रुग्णासाठी यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर. कॉइलसाठी गाठायचे नागपूर तिथून आणखी दीडशे. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक, त्यामुळे सीटी स्कॅन जवळ होणे मोलाचे. स्टेंट बसला की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल महिनोन्‌महिने घ्यावे लागते. ताज्या रक्तस्रावात डॉक्टर स्टेंटला कचरतात ते याच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे. कॉइल दबून फुग्याचे तोंड पुन्हा उघडू शकते, म्हणून काही महिन्यांनी तपासणीची अँजिओग्राफी आलीच, आणि तिच्यासाठी पुन्हा नागपूर.