तिकिटावरील सोबत : अमेरिकेतील टॅक्सी-डान्स हॉल

१९२० च्या दशकात अमेरिकन शहरांतील टॅक्सी-डान्स हॉलमध्ये अनोळखी स्त्रीजवळ जाण्यास ओळखीची गरज नसे; तिकीट पुरे होई. दहा सेंटच्या तिकिटावर नर्तकी पुरुषाबरोबर एक नृत्य करी. साधारणतः निम्मी रक्कम तिला व निम्मी मालकास मिळे. शिकागोतील या नृत्यगृहांचा पॉल क्रेसी यांनी केलेला समाजशास्त्रीय अभ्यास १९३२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात फिलिपिनो व अन्य स्थलांतरित, एकाकी पुरुष ग्राहक म्हणून ठळकपणे दिसतात. इतरत्र प्रवेश नाकारल्या जाणाऱ्या या पुरुषांना तिकिटामुळे सोबत मिळे. मात्र ती एका नृत्यापुरतीच असे.

एवढी जवळीकही बाहेरील समाजास मानवली नाही. जानेवारी १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे फिलिपिनोंच्या नृत्यगृहात गौरवर्णीय स्त्रिया नाचतात, या कारणावरून दंगल उसळली. तीत फर्मिन टोबेरा हा २२ वर्षांचा शेतमजूर गोळीने ठार झाला. १९३३ मध्ये राज्याने फिलिपिनो व गौरवर्णीय यांच्यातील विवाहांवर कायद्याने बंदी घातली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९४८ मध्ये अवैध ठरविली.

यावरून असे दिसते की, स्त्रीजवळ कोणी जावे हे मालकाने तिकिटाने, जमावाने हिंसेने आणि राज्याने कायद्याने ठरविले. स्त्रीची स्वतःची इच्छा या तिघांनीही विचारात घेतली नाही.