लिलावांतील रुपया व सराफाची खूण

गेल्या उन्हाळ्यांत जळगांवीं जुन्या रुप्याच्या एका लिलावास जाण्याचा योग आला. अत्तरदाण्या, पानदानें, सातपुड्याकडील जाड हांसळ्या यांच्या राशींत एकवीस रुपयांची एक माळ होती. प्रत्येक रुपयास कडी डाकलेली, आणि बहुतेकांवर सराफांच्या खुणा ठोकलेल्या. यादींत तिच्यापुढें ‘नाणीं खराब, वजनावर’ एवढाच शेरा होता. व्यापाराच्या दृष्टीनें हा शेरा यथार्थ असेल. इतिहासाच्या दृष्टीनें तो उलटा आहे, हें येथें दाखवावयाचें आहे.

लिलावांत बोली चढते ती टांकसाळींतून नुकत्याच निघाल्यासारख्या स्वच्छ नाण्यावर. असें नाणें बहुधा पुरलेलें किंवा कुलुपांत राहिलेलें असतें. बाजाराची हकीकत त्यास ठाऊक नसते. मोगली अमलांत चालू सालचा रुपया तो सिक्का, त्याच बादशहाच्या मागील सालांचा तो चलनी, आणि पूर्वीच्या बादशहांचा तो खजाना. मागल्या दोहोंस बट्टा बसे. त्यांत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेंत येत. सराफ कस पाही व आपली खूण ठोकी. पोथीच्या समासांतील पूर्वीच्या धन्याचें नांव आपण खरवडून काढीत नाहीं. मग रुपयावरील ही खूण तेवढी दोष कां ठरावी?

खानदेशालगतच्या नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ त नहपान क्षहराताच्या नाण्यांचा साठा सांपडला. रे. स्कॉट यांनीं त्यांतील १३,२५० नाणीं तपासलीं. नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला निघाला. एकीकडे त्रिशिखर पर्वत, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह, आणि खालून नहपानाचा चेहरा डोकावतो आहे. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत क्षहरात वंशाच्या उच्छेदाचें जें वर्णन आहे, त्यास इतकी प्रत्यक्ष साक्ष दुसरी नाहीं. यांतील एखादें नाणें सुटें लिलावास आलें असतें, तर चेहरा अस्पष्ट म्हणून त्याची किंमत उतरली असती.

आतां माळेकडे वळूं. आमची बोली व्यापाऱ्यापुढें टिकली नाहीं. त्या गृहस्थांनीं सौजन्यानें एक तास दिला. तेवढ्यांत अकरा रुपयांचे पातळ कागदावर पेन्सिलीनें ठसे घेतले. आमचें फारसीचें ज्ञान नाणीं वाचण्यापुरतें, आणि तेंही पेन्शनींत मिळविलेलें. म्हणून हात सावकाश चालला. सात रुपये बऱ्हाणपूरचे लागले. अकबरानें १६०१ त असीरगड घेऊन खानदेशचा सुभा केल्यावर तेथें मोगली रुपये पडूं लागले, हें वाचकांस विदित आहेच. तीन चांदवडी, त्यांवर शहा आलमाचें नांव, व टांकसाळ ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. अंमल होळकरांचा, नांव दिल्लीच्या बादशहाचें! अकरावा वाचतां आला नाहीं.

१८३५ त कंपनी सरकारनें १८० ग्रेनांचा एकच रुपया ठरविला. पुढें जुने रुपये कांहीं मुशींत गेले, कांहीं अंगावर आले. कडीनें नाणें बिघडतें खरें. पण हे एकवीस रुपये इतकीं वर्षें टिकले ते कडीमुळेंच. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील नाणें खासगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. मुशीची वाट मात्र जवळची, आणि आठवड्यानें चौकशी केली तों माळ त्याच वाटेनें गेल्याचें कळलें. दहा रुपये न वाचतांच गेले.

उरलेल्या ठशांपैकीं दोन बऱ्हाणपुरी व एका चांदवडी रुपयावर पिंपळपानाच्या आकाराची एकच खूण आहे. तिघेही एकाच पेढीवर पारखले गेले असावे असें वाटतें. पण तीन ठशांवर निश्चित विधान करणें साहस होय. जळगांव, धुळें, अमळनेर, चोपडें या बाजूच्या संग्राहकांपैकीं कोणाजवळ अशी खूण असलेला रुपया असल्यास त्यांनीं त्याचें वजन, टांकसाळ, साल व तो कोठून मिळाला हें लिहून, ठशासह मंडळाकडे पाठवावें. नाणें पाठविण्याची गरज नाहीं.