बीजोत्पादन व श्रमिक-प्रशिक्षण, जालना जिल्ह्यातील

नवे तंत्र स्वीकारताना श्रमिकांना कौशल्य व संरक्षण कसे पुरवावे, या दृष्टीने जालना जिल्ह्यातील संकरित बीजोत्पादनाचा इतिहास उद्‌बोधक आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत नव्या कार्यपद्धतीमुळे कामगार-कपातीची भीती निर्माण झाली. १९२८ च्या सार्वत्रिक संपामागे तेही एक कारण होते. पुढे १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने कामगार-कपात न करणे, कार्यभाराचे मूल्यमापन व लाभाचे न्याय्य वाटप ही तत्त्वे मान्य केली. बीजोत्पादनातील प्रश्न याच्या उलट होता : येथे नव्या तंत्राला अधिक हात लागले आणि तेही कुशल.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी’ (महिको) स्थापन केली. तत्पूर्वी त्यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाचे बियाणे तयार केले होते. ज्वारी व बाजरी यांच्या संकरात नरवंध्य मादी-वाण वापरीत असल्याने फुले हाताळावी लागत नाहीत. कापूस, भेंडी, टोमॅटो इ. पिकांत मात्र दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीतील परागकोश आदल्या दुपारनंतर हाताने काढतात (विपुंसन) व सकाळी नर-वाणाचे परागकण किंजल्कावर लावतात. एखादा परागकोश राहिल्यास स्वपरागण होऊन बियाणे अशुद्ध ठरते. सुरत येथे विकसित झालेल्या ‘एच-४’ (१९७०) या संकरित कापसानंतर या कामाची मागणी वाढली.

बारवाले यांनी शेतकऱ्यांशी करार करून त्यांना मूळ बीज व तांत्रिक मार्गदर्शन पुरविले. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार लाभला. तथापि अशा पद्धतीत करार शेतमालकाशी असतो. प्रत्यक्ष परागण करणाऱ्या मजुरांशी नसतो. या मजुरांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असून त्यांचे शिक्षण बहुधा बांधावरच, जाणत्या मजुरांच्या हाताखाली होते. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या कक्षेत शेतीचाही समावेश होता. परंतु विखुरलेल्या व हंगामी मजुरीत त्याची अंमलबजावणी अवघड ठरली. बियाण्याची शुद्धता या हातांच्या कौशल्यावर अवलंबून असते; म्हणून प्रशिक्षणाइतकाच त्या कौशल्याच्या योग्य मोबदल्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे.