जुळणीची विद्या : बुलढाणा जिल्ह्यातील संगणकदुरुस्ती आणि वाढीव रॅमचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्याचे नैसर्गिकरीत्या दोन भाग पडतात आणि जिल्ह्याच्या बोलीत त्यांना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी नावे आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके घाटावरचे, तर पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे मानले जातात. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत त्याची शाखा काढण्यात आली, ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी. कापसामागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, आणि बाहेर तयार झालेले यंत्र स्थानिक हवेत, स्थानिक हातांनी चालते ठेवण्याची गरजही त्यांच्याबरोबरच आली. शंभराहून अधिक वर्षांनी संगणक जिल्ह्यात आला तेव्हा हीच गरज नव्या रूपात उभी राहिली. तिचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे एक वरवर साधी तक्रार : संगणकाला जास्तीची रॅम बसवली आणि त्या दिवसापासून तो बंद पडू लागला.

या तक्रारीचा इतिहास समजण्यासाठी रॅम म्हणजे काय हे आधी पाहावे लागते. संगणकाची कायमची साठवण हार्ड डिस्कवर होते, परंतु चालू काम ज्या जलद आणि तात्पुरत्या स्मृतीत मांडलेले असते तिला रॅम म्हणतात. वीज गेली की तिच्यातील सर्व काही पुसले जाते. या स्मृतीचा प्रत्येक अंश (बिट) म्हणजे सूक्ष्म विद्युत्धारित्रात साठवलेला अत्यल्प विद्युतभार असतो, तो सतत गळत असतो आणि म्हणून सेकंदात अनेक वेळा तो पुन्हा भरावा लागतो. हे भरणे, लिहिणे आणि वाचणे ठरलेल्या वेळेत झाले नाही, तर एखाद्या एकाचे शून्य होते. ते शून्य चित्रातील एका ठिपक्यात पडले तर कोणाच्या लक्षातही येत नाही, परंतु आज्ञावलीच्या एखाद्या सूचनेत पडले तर संपूर्ण यंत्र हँग होते, आपोआप रीस्टार्ट होते किंवा पडद्यावर निळी स्क्रीन येते.

जिल्ह्यातील संगणकयुगाची सुरुवात १९८० च्या दशकात होते. शेगाव येथे १९८३ मध्ये श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले, १९८४ च्या केंद्रीय संगणक धोरणाने यंत्रांची व सुट्या भागांची आयात सुलभ केली, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने देशातील जिल्हा मुख्यालये उपग्रह जाळ्याने जोडण्याचे काम हाती घेतले. या काळातील यंत्रांत स्मृती वाढवणे म्हणजे सुट्या चिप एकेक करून सॉकेटमध्ये दाबून बसवणे होते. एक पाय वाकला किंवा चिप उलटी बसली तरी यंत्र उठत नसे. मात्र १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये आठ चिपांमागे नववी चिप ‘पॅरिटी’साठी, म्हणजे वाचलेल्या आकड्यात चूक झाली आहे का हे तपासण्यासाठी, दिलेली असे आणि चूक आढळताच यंत्र तसे सांगून थांबत असे. पुढे १९९० च्या दशकात किंमत उतरवण्यासाठी सामान्य संगणकांतून ही नववी चिप वगळण्यात आली. तालुक्याच्या गावापर्यंत संगणक पोहोचला तो या स्वस्ताईमुळेच. पण स्वतःची चूक ओळखण्याची शक्ती गमावलेले यंत्र त्या गावाच्या वाट्याला आले आणि चूक शोधण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे आले.

सुट्या चिपांची जागा पुढे पट्ट्यांनी घेतली. सिम नावाच्या ३० पिनांच्या पट्टीतून एका वेळी ८ बिट जात, तर ४८६ प्रोसेसरची वाट ३२ बिटांची होती, म्हणून तेथे सारख्या चार पट्ट्यांचा संच लागत असे. ७२ पिनांची पट्टी ३२ बिटांची होती, पण पेंटियमची वाट ६४ बिटांची असल्याने तिच्याही दोन पट्ट्या जोडीनेच बसवाव्या लागत. एक पट्टी वाढवली आणि यंत्र सुरूच झाले नाही, तर अनेकदा पट्टीत कोणताच दोष नसे, फक्त तिची जोडी अपुरी असे. नवा भाग निर्दोष असूनही संपूर्ण यंत्र बिघडू शकते, हा या व्यवसायातील पहिला मोठा धडा होता.

या विद्येची खरी कसोटी २००१ नंतर लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजेच एमकेसीएल स्थापन झाले, त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्यातालुक्यांत संगणक केंद्रे उघडली गेली, आणि सरकारी नोकरीसाठी या प्रमाणपत्राची गरज वाढत गेल्याने त्यांत गर्दी झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी बाजारात आली. विंडोज ९५ ला किमान ४ आणि विंडोज ९८ ला किमान १६ एमबी रॅम पुरत असे, तर एक्सपीसाठी १२८ एमबीची शिफारस होती. दुसरीकडे लग्नपत्रिका आणि फलक तयार करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत पेजमेकर, कोरलड्रॉ आणि श्रीलिपी यांच्यासाठी जुनी यंत्रे अपुरी पडू लागली होती. नवा संगणक परवडत नाही, म्हणून रॅम वाढवायची, हा त्या दशकातील सर्वमान्य उपाय ठरला आणि बिघाडांची लाटही त्याच्याबरोबरच आली.

या बिघाडांची कारणे बहुतेक वेळा जुळणीची होती. सिमच्या जागी आलेल्या एसडीरॅमच्या १६८ पिनांच्या पट्ट्या ६६, १०० आणि १३३ मेगाहर्ट्झ अशा तीन वेगांच्या असत आणि दिसायला जवळपास सारख्या असत. त्या काळी गाजलेल्या इंटेलच्या ४४० बीएक्स चिपसेटला (बोर्डावरील नियंत्रक चिपांच्या संचाला) २५६ एमबीची सोळा चिपांची पट्टी चालत असे, परंतु तेवढ्याच क्षमतेची, पण दुप्पट घनतेच्या आठ चिपांची स्वस्त पट्टी त्यावर निम्मीच दिसे किंवा दिसतच नसे. विंडोज ९८ मध्ये ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम बसवली, तर डिस्कसाठीची रॅममधील तात्पुरती साठवण (कॅश) इतकी फुगे की आज्ञावलीला पत्त्यांसाठी जागाच उरत नसे आणि भरपूर रॅम असूनही ‘पुरेशी मेमरी नाही’ असा संदेश येत असे. त्यावर इलाज रॅम बदलण्याचा नसून एका सेटिंगने त्या साठवणीवर मर्यादा घालण्याचा होता. जुळणीची ही अडचण केवळ लहान गावातील कारागिरांची नव्हती. इंटेलने ८२० चिपसेटला साधी एसडीरॅम जोडता यावी म्हणून दिलेल्या दुभाषी चिपमध्ये विद्युत गोंगाटाचा दोष निघाला, त्यामुळे यंत्रे थांबत किंवा रीस्टार्ट होत, आणि मे २००० मध्ये कंपनीला तसे बोर्ड बदलून देण्याची घोषणा करावी लागली.

दुरुस्तीच्या टेबलावर या प्रश्नाची उकल ठरलेल्या क्रमाने होत असे. प्रथम वीज बंद करून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला जाई, कारण अंगावरची स्थिर वीज जाणवतही नाही एवढी असली तरी चिप जाळू शकते आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती अधिक साचते. मग ब्लोअरने धूळ उडवून पट्टी काढली जाई आणि तिच्या कडेच्या सोनेरी पिनांवर शाळकरी मुलांचे खोडरबर हलक्या हाताने फिरवले जाई, म्हणजे त्यांवरील मळ आणि गंजाचा पातळ थर निघून संपर्क सुधारे. रबराचा भुसा झटकल्यावर पट्टी सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची आणि दोन्ही टोकांच्या पांढऱ्या क्लिपा कट् आवाज करून आपोआप लागल्या की ती नीट बसली असे समजायचे. सुरू करताना थांबून थांबून लांब बीप वाजला, तर बोर्डाला रॅम सापडली नाही, असा त्याचा अर्थ अनेक यंत्रांत असे.

त्यानंतरचा टप्पा संयमाचा होता. जुनी आणि नवी पट्टी एकत्र न तपासता एका वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये बसवायची, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये आणि दुसरी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये. अशा अदलाबदलीने दोष पट्टीचा, स्लॉटचा की दोन पट्ट्यांच्या सहवासाचा हे उलगडत जाई. क्रिस ब्रॅडी यांनी १९९० च्या दशकात तयार केलेली मेमटेस्ट८६ ही आज्ञावली विंडोजशिवाय चालते, स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुना लिहून तो परत वाचते आणि एकही चूक निघाली तरी पट्टी नापास ठरवते; तिची पूर्ण फेरी व्हायला बराच वेळ लागतो, म्हणून यंत्र रात्रभर चालू ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होता.

परंतु रात्रभर अखंड वीज, हीच त्या काळातील दुर्मीळ गोष्ट होती. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, त्या सुमाराची कित्येक वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमनाची होती. वीज जाणे-येणे आणि दाब कमी-जास्त होणे यांमुळे संगणकाचा वीजपुरवठा विभाग, म्हणजे एसएमपीएस, कमकुवत होत असे. जुन्या भारावर तो कसाबसा तग धरी आणि आणखी एका पट्टीचा भार पडताच त्याची उणीव उघडी पडे. काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडून अर्थिंगचा मातीशी संपर्क सैल होतो, घाटाखालचा उन्हाळा घाटावरच्यापेक्षा तीव्र असतो, आणि तापलेल्या चिपमधील विद्युतभार अधिक वेगाने गळतो. त्यामुळे सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी बंद पडला, तर उष्णतेचा संशय घेणे रास्त ठरत असे. रॅम बसवल्यानंतर सुरू झालेला बिघाड रॅममुळेच झाला असे मानण्याची घाई न करणे, ही या परिस्थितीने शिकवलेली दुसरी मोठी गोष्ट होय.

पुढच्या पिढ्यांनी काही चुका अशक्य करून टाकल्या. डीडीआर पट्टीला १८४ पिना आणि २.५ व्होल्ट, डीडीआर-२ ला २४० पिना आणि १.८ व्होल्ट, डीडीआर-३ ला तेवढ्याच पिना पण १.५ व्होल्ट, तर डीडीआर-४ ला २८८ पिना आणि १.२ व्होल्ट असा बदल होत गेला आणि प्रत्येक पिढीच्या पट्टीतील खाच वेगळ्या जागी ठेवण्यात आली, म्हणजे चुकीची पट्टी स्लॉटमध्ये शिरूच नये. पट्टीवरील एक लहान चिप तिचा वेग आणि वेळा बोर्डाला स्वतः सांगते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावरच जोडलेली असते, तिथे वाढवण्याची सोय नाही आणि अदलाबदल करून दोष शोधण्याचीही नाही.

संगणक कोणत्या वर्षी कोठे आला, याच्या नोंदी शासन आणि संस्था ठेवतात. तो आल्यानंतर कोणी चालता ठेवला, याची नोंद बहुधा कोणत्याच दप्तरात होत नाही. खोडरबर, खात्रीने चालणारी एक जुनी पट्टी आणि एका वेळी एकच बदल करण्याची शिस्त, एवढ्या सामग्रीवर या जिल्ह्यातील दुरुस्ती करणाऱ्यांनी इतरांनी टाकून दिली असती अशी यंत्रे वर्षानुवर्षे चालवली, आणि त्या यंत्रांवर तालुक्यातील पहिल्या पिढीने माऊस धरायला शिकून परीक्षा दिली. अजून ही माणसे कामावर आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीच्या नोंदींच्या वह्या दुकानांच्या कपाटांत आहेत. जिल्ह्याच्या इतिहासात त्यांची नोंद करायची, तर ती आत्ताच करायला हवी.