कल्याण-भिवंडीमधली जोडरेघ

दिवा-वसई लोहमार्गावर ‘भिवंडी रोड’ नावाचे एक स्थानक आहे. रेल्वेच्या जुन्या रिवाजाप्रमाणे गावाच्या नावापुढे ‘रोड’ लागले की समजावे, स्थानक गावात नाही, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथे प्रवासी गाड्या मोजक्याच थांबतात. 2011च्या जनगणनेत ज्या शहराची वस्ती सात लाखांवर होती, त्याच्या वाट्याला आलेली रेल्वे ती एवढीच. मुंबईपासून इतक्या जवळचे, एवढे मोठे आणि तरीही लोकलच्या नकाशात नसलेले शहर कसे काय घडले, हा प्रश्न मला ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचा आराखडा पाहताना पुन्हा पडला. ठाण्याहून कल्याणला रेल्वे आहेच, ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच झाली. मग याच दोन टोकांमध्ये दुसरी रेघ कशासाठी? उत्तर मधल्या नावात आहे.

मराठ्यांच्या इतिहासात ही दोन गावे एकत्रच येतात: ‘कल्याण-भिवंडी’. ऑक्टोबर 1657मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून ती घेतली तीही एका दमात. एक उल्हास नदीच्या काठी, दुसरे कामवारीच्या काठी. दोन्ही बंदरे, दोन्हींचा व्यापार खाडीतून समुद्राशी जोडलेला. बखरीतले नाव उच्चारताना आपण मधली जोडरेघ ऐकतही नाही, इतकी ती पक्की आहे.

ही रेघ रेल्वेने पुसली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, 34 किलोमीटर. शाळेत शिकलेला हा प्रसंग आपण पुनःपुन्हा सांगतो, पण माझ्या दृष्टीने खरी निर्णायक तारीख पुढच्या वर्षीची आहे. 1 मे 1854 रोजी मार्ग कल्याणपर्यंत वाढला. ठाण्यापुढे रूळ कळव्याच्या बाजूने खाडीवरचा पूल ओलांडून गेले, पारसिकच्या डोंगरातून बोगदे काढले आणि नदीच्या दक्षिणेकडूनच कल्याण गाठले. भिवंडी उत्तर काठापलीकडे राहून गेली.

यात भिवंडीवर कोणाचा राग होता असे नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची नजर ठाणे-कल्याणवर नव्हतीच, ती घाटावर होती. दख्खनचा कापूस बंदरावर आणायचा होता. त्यासाठी थळघाट आणि बोरघाट चढायचे होते आणि दोन्ही घाटांचे फाटे फुटण्याला सोयीची जागा कल्याण होती. भिवंडीवरून जायचे म्हटले तर ठाण्यापुढची रुंद खाडी एकदा आणि कल्याणच्या दारात उल्हास पुन्हा एकदा ओलांडावी लागली असती. कळव्याचा फाटा अरुंद होता, डोंगर फोडणे परवडणारे होते. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, पण नकाशा समोर ठेवून पाहिला की दुसरे काही सुचत नाही. मधल्या गावाची गुणवत्ता रेल्वेच्या हिशेबात येतच नाही. रेघेची दोन टोके ठरली की मधल्यांचे नशीब ठरते.

कल्याण जंक्शन झाले आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य स्थानकाभोवती गेले. भिवंडीचे मात्र वेगळेच झाले. तिथे भाताचा व्यापार होता, हातमाग होते. पुढे उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मागाला बळ दिले, यंत्रमाग आले आणि 1982च्या गिरणी संपानंतर मुंबईत जे कापड विणले जात होते त्यातले बरेचसे भिवंडीत विणले जाऊ लागले. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि महामार्गाजवळ असल्यामुळे गोदामे आली. सूत ट्रकने येते, कापड ट्रकने जाते. कामगार एसटीने, शेअर रिक्षाने, टेम्पोने येतो.

आता इथेच थोडे थांबायला हवे. रेल्वे असलेल्या गावात बाजार स्थानकाकडे तोंड करून बसतो. स्थानक नसलेल्या गावाला मात्र रस्ता हेच स्थानक असते. भिवंडीतला बाजार, दुकाने, मागांच्या शेड, मशिदी, देवळे, खाणावळी हे सगळे ठाणे-कल्याणच्या रस्त्याला बिलगून उभे राहिले. कापूरबावडीहून मी त्या रस्त्याने निघालो तेव्हा बाळकुम, कशेळीची खाडी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा अशी नावे मागे टाकत गेलो. जुना आग्रा रस्ता तो हाच. मेट्रोचे खांब त्याच्याच पोटातून वर आलेले. अंजूरफाट्यापर्यंत दोन्ही बाजूंना गोदामे आहेत, जागा ऐसपैस आहे. तिथून पुढे शहर सुरू होते आणि रस्ता आवळत जातो.

मेट्रो पाचच्या आराखड्याला राज्य सरकारने 2017मध्ये मंजुरी दिली, 18 डिसेंबर 2018 रोजी कल्याणला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. 24.9 किलोमीटर, 17 स्थानके, सगळा मार्ग उन्नत. कापूरबावडीला तो वडाळा-कासारवडवली मेट्रोला मिळतो. कागदावर सरळ दिसणारी ही रेघ भिवंडीत शिरली तेव्हा अडली. उन्नत मार्गाला खांब हवेत, खांबांना रुंद रस्ता हवा आणि रस्ता रुंद करायचा तर त्याच्या कडेचे हटवावे लागणार. दुकानदार, रहिवासी विरोधात उभे राहिले. बाहेरच्याला हा विकासविरोध वाटेल. मला तसे वाटत नाही. स्थानक नसल्यामुळे जे शहर रस्त्यालगत वसले, त्यालाच आता स्थानक देण्यासाठी रस्त्यालगतून उठायला सांगितले जात होते. इतिहासाची याहून कडू थट्टा मला तरी ठाऊक नाही.

शेवटी धामणकर नाका ते टेमघर हा सुमारे तीन किलोमीटरचा तुकडा जमिनीखालून न्यायचे ठरले. भुयाराचा खर्च उन्नत मार्गाच्या कितीतरी पट, वेळही जास्त. पण हा निर्णय मला योग्य वाटतो. 1854मध्ये पारसिकचा डोंगर आडवा आला म्हणून कंपनीने बोगदे खणले, भिवंडीतली वस्ती डोंगराइतकी तरी खरी आहे. (पारसिकचा आजचा सव्वा किलोमीटरचा लांब बोगदा 1916चा. लांब पल्ल्याच्या गाड्या अजून त्यातून धावतात. खणलेले वाया जात नाही.)

टेमघरपुढे मेट्रो पुन्हा वर येते, राजनोलीला महामार्ग गाठते, कोनगाववरून उल्हास ओलांडून कल्याणला दुर्गाडीशी पोचते. म्हणजे रेल्वेने जे टाळले, नेमके तेच ती करते: पाणी दोनदा ओलांडते. महाराजांनी जिथे किल्ला बांधला, गलबते बांधायला सुरुवात केली, त्या खाडीकाठी स्थानकाचे नाव ‘दुर्गाडी किल्ला’ असेल.

तोवर वाट पाहावी लागेल. काम दोन टप्प्यांत आहे आणि पहिला टप्पा धामणकर नाक्यापर्यंतच आहे. त्या दिवशी मी नाक्यावरच्या एका हॉटेलात चहा घेतला. गल्ल्यावरच्या चाचांना विचारले, इथे मेट्रो आली की काय होईल? त्यांनी मान वर न करता सुट्टे मोजले आणि म्हणाले, “ठाण्याला बसून जाऊ, भाऊ. कल्याणला काय, रिक्षाच.” बाहेर टेमघरच्या दिशेने शेअर रिक्षांची रांग होती, सहा प्रवासी झाल्याशिवाय कोणी निघत नव्हते. मी पाचवा होतो.