नकाशा मंजुरीची वाटचाल

घर बांधावयाचे ठरले की आज आपण प्रथम परवानाधारक अभियंत्याकडे जातो. परंतु स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या पैशाने बांधावयाच्या घरासाठी दुसऱ्याची संमती का घ्यावी, हा प्रश्न आपल्या आजोबांच्या पिढीला निश्चितच पडला असेल. त्याचे उत्तर मुंबईच्या इतिहासात सापडते.

सन १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने बांधकामापूर्वी नोटीस देणे बंधनकारक केले, तसेच सर्व्हेअरना परवाने देण्याची तरतूद केली. तरीही चाळी एकमेकींना खेटून उभ्या राहतच होत्या. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांवर त्या वेळी मुख्य दोषारोप झाला. उंदीर व पिसवा यांचा संबंध नंतर सर्वमान्य झाला. सन १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३½ अंशांचा नियम आग्रहाने मांडला. समोरच्या भिंतीच्या माथ्यावरून खोलीपर्यंत येणारी प्रकाशरेषा याहून अधिक उभी असू नये, असा त्याचा आशय. हिशेब सोपा आहे : भिंत ४० फूट उंच, तर मोकळी जागा २० फूट. घरमालकाच्या वहीत मात्र ते २० फूट बुडालेले भाडेच दिसे!

जुने नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर काढीत. हे खळ दिलेले तलम कापड. धुतले की खळ निघून जाई व उत्तम रुमाल तयार होत. कापडाच्या व्यापाऱ्यास हे सांगण्याचा मोह आवरत नाही, वाचकांनी क्षमा करावी.

पुढे १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने राज्यभर विकास परवानगीची पद्धत दृढ केली. अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास, नकाशा नियमानुसार असेल तर, परवानगी मिळाली असे मानण्याची त्यात सोय आहे. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीने, मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांत, १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी प्रक्रिया बरीच सुलभ केली. नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पावती पुरेशी ठरली. साहजिकच स्वाक्षरी करणाऱ्या अभियंत्याची जबाबदारी वाढली.

आमच्या दुकानावरील मजल्याचा नकाशा वडिलांनी १९६८ साली मंजूर करून घेतला. अभियंत्याने मागे मोकळी जागा सोडावयास लावली, तेव्हा वडील नाराज झाले होते. “एवढ्या जागेत मालाच्या वीस गाठी राहिल्या असत्या,” असे ते पुष्कळ वर्षे म्हणत. १९८८ साली मी ती जागा विनापरवाना पत्रे टाकून बंद केली आणि गाठी रचल्या. तेव्हा तो मला शहाणपणा वाटला. मागील खोली आईची होती. तिने कधी तक्रार केली नाही. दुपारीही दिवा लावून ती वाचीत असे.

२००३ मध्ये नोटीस आली. मी धावपळ केली, ओळखी काढल्या. आमच्या अभियंत्याने मंजूर नकाशा माझ्यापुढे पसरला आणि त्या चौकोनावर केवळ बोट ठेवले. पत्रे आठ दिवसांत उतरले. त्या दुपारी मी मागील खोलीत गेलो, तेव्हा आई खिडकीशी बसून वाचीत होती. दिवा बंद होता.